सड्यावरची चौदा घरं

घर बांधायला किती दिवस लागतात, असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, महिना कुठला चाललाय? विचारणाऱ्याला वाटतं, बाईला प्रश्न कळला नाही. पण आमच्या रत्नागिरीकडे घराचं गणित महिन्यांवर चालतं. दसरा झाला की जोती धरायची आणि मे संपायच्या आत छप्पर चढवायचं. मधले महिने आपले, बाकीचे पावसाचे. पावसात चिऱ्याची खाण बंद, मालाची गाडी चढावर चढत नाही, गिलावा सुकत नाही. जूनमध्ये अर्धं राहिलेलं घर दिवाळीपर्यंत अर्धंच राहतं. एक घर असेल तर माणूस शेजारी राहतो, बहिणीकडे राहतो. एकदम चौदा घरं असली की काय होतं, ते सांगायला बसले आहे.

अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, सुमनताई, तुम्ही नियोजनावर लिहा. मी म्हटलं, तो शब्द साहेबांचा. आम्ही आखणी म्हणतो. त्या म्हणाल्या, तेच लिहा.

माझी शाळा सहावीपर्यंत. सतराव्या वर्षी डोक्यावर चिरे वाहायला लागले. जांभ्या दगडाचा एक चिरा उचलून बघा, म्हणजे मान का आखडते ते कळेल. आमच्या गवंडीबाबांना वाचता येत नव्हतं, म्हणून नकाशावरचे आकडे मी वाचून दाखवायची. वाचता वाचता नकाशा कळायला लागला. पुढे असं झालं की कागद उलटा धरला तरी मला त्यात दार, चूल, मोरी दिसायची. मग मुकादमीण झाले. मग एका संस्थेने देखरेखीला घेतलं. ही संस्था गरिबांच्या वसाहती बांधायची, कधी सरकारच्या योजनेतून, कधी देणगीतून. वीस वर्षं तिथे काढली आणि गुडघे गेल्यावर घरी बसले.

वसाहत बांधणं हे घर बांधण्यापेक्षा वेगळं काम आहे. घर बांधताना मालक रोज येऊन डोकं खातो. इथे खिडकी, तिथे कोनाडा, आणि हे असं का नि ते तसं का. त्रास होतो, पण चुकाही कळतात. वसाहतीत मालक चौदा असतात, म्हणून कोणीच येत नाही. नकाशा आधी ठरलेला असतो. नाटे गावाच्या बाजूला आम्ही मच्छीमारांसाठी घरं बांधली होती. सुबक, टाइल लावलेली. सहा महिन्यांनी बघायला गेले तर एक गृहस्थ जाळी घरात ठेवून स्वतः अंगणात खाट टाकून झोपलेला. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "ताई, जाळी भिजली तर खाऊ काय? मी भिजलो तर सुकेन." जाळ्यांना जागा हवी हे नकाशा काढताना कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला विचारायला दोन मिनिटं लागली असती.

आता चौदा घरांचं सांगते.

खाडीच्या वरच्या अंगाला डोंगराच्या उतारावर आमच्या बौद्ध समाजाची एक वाडी होती. एका पावसाळ्यात वाडीच्या डोक्यावर डोंगराला भेग पडली. हात जाईल एवढी. साहेब लोक आले, मोजून गेले आणि म्हणाले, पुढच्या पावसाच्या आत इथून हलायचं. जागा मिळाली वरच्या सड्यावर. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळाचं मैदान. वर मातीचा थर नाही, झाड नाही, नुसता काळपट-तांबूस खडक. पाया खणायला लागत नाही, म्हणून इंजिनियर खूश होतात.

आमचे इंजिनियर माने साहेब. साताऱ्याकडचे, वय तिशीच्या आत, मला मावशी म्हणायचे. माणूस सरळ. त्यांनी जागा पाहिली ऑक्टोबरच्या शेवटी, लख्ख उन्हात. दोन ओळी काढल्या, सात-सात घरांच्या, मधून रस्ता. नकाशा दिसायला देखणा होता.

नकाशा मंजूर झाला तो मात्र सड्यावर नाही, मुंबईत. हे आमच्याकडचं पूर्वापार आहे. प्रत्येक वाडीचं मुंबईला मंडळ असतं. वाडीत विहीर बांधायची असो की बुद्धविहाराला रंग द्यायचा असो, बैठक रविवारी मुंबईला भरते, कारण कमावती माणसं तिथे. यात वाईट काही नाही. त्या लोकांनी वाड्या जगवल्यात. या मंडळाचे अध्यक्ष प्रभाकरदादा, बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला पक्के. त्यांनी नकाशा भिंतीवर लावला, सगळ्यांनी माना डोलावल्या, तिथेच चिठ्ठ्या टाकून घरांचे नंबर वाटले. एक नंबर प्रभाकरदादांना निघाला. तो चिठ्ठीत निघाला की कसा, ते मला विचारू नका. वाडीत राहणाऱ्या बायकांच्या चिठ्ठ्या त्यांच्या वतीने दुसऱ्यांनीच उचलल्या.

बैठकीला बसलेल्यांपैकी एकानेही जुलैतला सडा वीस वर्षांत पाहिला नव्हता. मे महिन्यात येतात, लग्नाकार्याला येतात, जयंतीला येतात. भर पावसात कोण येतंय?

आणि आता माझं सांगते, कारण दुसऱ्यांच्या चुका लिहायला सोप्या असतात. चुन्याची फक्की मारून घरांच्या रेषा आखल्या तेव्हा मी सड्यावर उभी होते. नऊ, दहा आणि अकरा नंबरच्या चौकटीतून खडकावर एक काळी पट्टी गेलेली मला दिसली. बैलगाडीच्या वाटेएवढी रुंद. पाणी जिथून दर वर्षी वाहतं तिथे खडकावर शेवाळ धरतं, आणि उन्हात सुकून ते काळं पडतं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. नकाशावर शिक्का बसलेला, साहेब शिकलेले, मुंबईची मंजुरी आलेली. म्हटलं, आपण सहावीवाली बाई, त्यांनी बघितलंच असेल. त्यांनी बघितलं नव्हतं. साताऱ्याच्या माणसाला ती पट्टी नुसता डाग वाटली.

काम सुरू झालं. चिरे उतरले, जोती उठायला लागली. जोतं म्हणजे जमिनीपासून फरशीपर्यंतचा चौथरा, घराची बैठक. मी काम एक नंबरपासून ओळीने लावलं. एक, दोन, तीन. तेव्हा ते इतकं साधं वाटलं की त्यावर मी क्षणभरही विचार केला नाही. फेब्रुवारीत पहिल्या सहा घरांच्या भिंती दारापर्यंत आल्या होत्या आणि अकरापर्यंत जोती झाली होती.

एका सकाळी जनाकाकी वर आली. साठीच्या पुढची, एकटी, दोन शेळ्या घेऊन सड्यावर फिरणारी. नवरा गिरणीत होता, तो जाऊन वर्षं झाली. मूलबाळ नाही. प्रभाकरदादांची लांबची चुलती. तिला दहा नंबर मिळाला होता. आपलं घर बघायला आली असेल म्हणून मी कौतुकाने जोत्यावर बसवलं. ती बसली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि शेळीला बोलावं तशा आवाजात म्हणाली, "बाय, ह्या परयात बांधलाव गो तुम्ही."

परया म्हणजे पावसाळी ओढा. मला कोणीतरी हाताला धरून उठवल्यासारखं झालं.

तिने काठीने दाखवलं. पाणी वरच्या टेपाडावरून येतं, इथे पसरतं, पिंडरीएवढं चढतं, आणि पलीकडे दरीत पडतं. आषाढात तिच्या शेळ्या हे ओलांडत नाहीत. मी माने साहेबांना बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांचा विश्वास बसेना. जमिनीला उतारच दिसत नव्हता. म्हणाले, "मावशी, शेळ्यांच्या सांगण्यावरून मी वर काय लिहून कळवू?"

तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. सड्यावर पाणी नाही, त्यामुळे नव्या बांधकामावर मारायचं पाणी टँकरने चढायचं आणि ते दोन दिवस पुरवायचं. मी ड्रायव्हरला म्हटलं, गाडी वर टेपाडाशी ने आणि टाकीची चावी सोड. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं उन्हाने माझं डोकं फिरलंय. चावी सुटली. पाणी खडकावर पसरलं, जरा घुटमळलं, आणि मग वाट सापडल्यासारखं काळ्या पट्टीत शिरलं. सरळ चालत आलं आणि दहा नंबरच्या जोत्याला टेकलं. तिथे तुंबलं, दोन्हीकडे वळलं, आणि एक हात आठ नंबरचं दार येणार होतं तिथवर गेला. गवंडी थापी हातात धरून बघत राहिले. हे टँकरचं पाणी होतं. आषाढातलं कसं असेल ते सांगायला कोणी लागत नव्हतं.

उपाय एकच होता. तीन जोती मोडायची आणि ती घरं पूर्वेच्या अंगाला, उंचावर सरकवायची. पण मग ती तीन घरं पावसाआधी होणार नव्हती. मनाशी महिने मोजून बघितले, नव्हतीच होणार. जनाकाकीलाही हे कळत होतं. मी तिला स्पष्ट सांगितलं, काकी, तुझं घर मागे पडेल, तुला अजून एक पावसाळा त्या भेगेखाली काढावा लागेल.

ती उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "मोडा. नायतर माज्या घरापायी दुसऱ्याचं बुडंल."

तीन जोती मोडली. चिरे पुष्कळसे निघाले, काही फुटले. मुंबईला बातमी गेली की इंजिनियर चुकला आणि वाडीतल्या बायकांनी बोभाटा केला. प्रभाकरदादांचा फोन आला, मंडळाला न विचारता हे कसं झालं म्हणून. माने साहेबांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं. मीही गप्प राहिले. ही दुसरी वेळ.

आणि मेच्या मध्याला माझी दुसरी चूक उघडी पडली. अकरा घरांवर छप्पर चढलं. मी हातात यादी घेऊन बघते तर त्यातल्या पाच घरांची माणसं बारा महिने मुंबईला. ती घरं कुलपात राहणार. आणि मोडलेल्या जोत्यांची तिन्ही कुटुंबं पावसाळ्यातही खरोखर वाडीत राहणारी, तीच उघड्यावर. मी कामाला आकड्यांची ओळ लावली होती, माणसांची नाही. पहिल्याच दिवशी कोणाला घर आधी लागेल एवढं विचारलं असतं, तर मुंबईकरांची घरं मागे ठेवता आली असती आणि एक माणूस कुरकुरलं नसतं. वीस वर्षं या कामात घालवून मला हे तेव्हा सुचलं नाही.

आता घरं बदलून देता येत नव्हती, कागदावर नावं चढलेली. किल्ल्या मागायच्या, एवढंच हातात होतं. चार महिन्यांपुरत्या. मी फोन लावत सुटले. सरिता म्हणून एक तरणी बाई होती, दोन पोरं आणि सासू घेऊन राहणारी. तिला पहिल्याच फोनला घर मिळालं. तो मुंबईकर म्हणाला, राहू दे, खिडक्या उघडल्या जातील, घराला बरं. एका म्हाताऱ्या जोडप्याला दुसरं मिळालं. तिसऱ्या घरावरून भावाभावांत वाद. चौथ्याचा फोन उचललाच जाईना. उरला एक नंबर.

जनाकाकी भरल्या घरात कोणाकडे राहायला तयार नव्हती. सगळ्यांनी बोलावलं. पण तिच्या दोन शेळ्या होत्या, आणि शेळ्यांना सोडून ती येणार नव्हती. "मी कोणाच्या चुलीपाशी बसाची नाय," म्हणायची, "हाय तिथं बरी हाय." हाय तिथं म्हणजे भेगेखाली. मेच्या शेवटच्या आठवड्यात दक्षिणेकडून ढग दिसायला लागले, आणि वाडीतली बाकी सगळी घरं रिकामी झाली. डोंगराखाली ती एकटी राहिली. मी रोज सकाळी उठले की आधी आभाळ बघायची.

प्रभाकरदादांना फोन केला. ते नाही म्हणाले नाहीत. मोठी माणसं सरळ नाही म्हणत नाहीत. म्हणाले, "ताई, नवं घर आहे. आम्हीच अजून पाय ठेवला नाही. मंडळी म्हणते, बुद्धवंदना करून, पाहुण्यांना बोलावून मग राहायला जायचं. आणि शेळ्या म्हणजे... फरशी बघितलीत ना तुम्ही?" फरशी मी बघितली होती. त्यांनी स्वतः मुंबईहून पाठवलेली, दुधासारखी पांढरी. माणसाने आयुष्यभर दहा बाय दहाच्या खोलीत काढलेलं, त्याला ती फरशी जपावीशी वाटली तर मी त्यात काय वाईट म्हणू?

फोन ठेवणार होते. मग मनात आलं, दोनदा गप्प राहून काय झालं ते बघितलंय. म्हटलं, दादा, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. दहा नंबरचं जोतं कोणाच्या सांगण्यावरून मोडलं, ठाऊक आहे?

"इंजिनियरच्या."

"तुमच्या काकीच्या. तिचंच घर होतं ते. ती बोलली नसती तर आज तिच्या डोक्यावर छप्पर असतं, आणि आषाढात आठ नंबरपासून सगळ्यांच्या घरात पाणी." आणि मग हेही सांगितलं की ती पट्टी मला नोव्हेंबरात दिसली होती आणि मी बोलले नाही.

दादा म्हणाले, "काकी मला काही बोलली नाही."

"तुम्ही विचारलं होतंत?"

फोन बंद झाला. मला वाटलं, संपलं. जास्त बोलले.

तिसऱ्या दिवशी मुंबईहून येणाऱ्या खासगी बसच्या ड्रायव्हरने नाक्यावर एक पाकीट दिलं. आत किल्ली होती आणि बँकवाल्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. "काकीस सांगणे, शेळ्या मागच्या पडवीत. वंदना तिनेच करून घ्यावी."

एवढंच. मी भर रस्त्यात चिठ्ठी दोनदा वाचली.

काकीला चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "मागच्या पडवीत वारा लागतो शेळ्यांना." मी म्हटलं, काकी, आता गपचूप चल. ती चालली. बोचकं, दोन शेळ्या, बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर. पांढऱ्या फरशीवर तिने आधी पाय ठेवलाच नाही. गोणपाट मागितलं, दारात अंथरलं, पाय पुसले, मग आत गेली. मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. ऐकायला मी, सरिता आणि दाराबाहेर शेळ्या. सहा दिवसांनी पाऊस लागला.

आषाढात मी वर गेले. वाऱ्याने छत्री उलटी झाली. मोडलेल्या तीन जोत्यांच्या जागेतून परया चालला होता, लाल, फेसाळ, पिंडरीच्याही वर. दोन्ही बाजूंना घरं कोरडी. माने साहेब माझ्याबरोबर होते. पाण्याकडे बघत ते म्हणाले, "मावशी, शेळ्यांचं नाव वर कळवायला हवं होतं."

डोंगराचं विचाराल तर तो अजून उभा आहे. भेग रुंदावली, पण पडला नाही. काही जण म्हणतात, उगाच घाई केलीत. म्हणू देत. डोंगर नाही पडला म्हणून कोणी आमच्यावर खटला भरणार नाही.

श्रावणात प्रभाकरदादा दोन दिवसांसाठी आले. स्वतःच्या घराचं दार वाजवून उभे राहिले. काकीने दार उघडलं आणि म्हणाली, "ये रं, बस, पाणी आणते." ते खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखे बसले. फरशी लखलखीत होती. पश्चिमेच्या खिडकीवर मात्र काकीने नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधले होते. पावसाची झड त्या बाजूने थेट आत येते. तेही नकाशात कोणी धरलं नव्हतं. दादांनी विचारलं, काकी, अजून कुठे कुठे पाणी येतं? ती त्यांना घरभर फिरवून दाखवत होती आणि ते चष्मा पुसत ऐकत होते. मी चहा घेतला आणि निघाले. तिथे माझं काम नव्हतं.

दिवाळीनंतर तीन घरं उठली. काकी आपल्या घरात गेली, वंदना पुन्हा झाली. या वेळी पाहुणे होते.

मग सड्यावर समाजमंदिर बांधायचं ठरलं. नकाशा काढायच्या आधी मंडळाची बैठक बोलावली, ती मुंबईला नाही. सड्यावर, आषाढातल्या रविवारी. प्रभाकरदादांनीच पत्र काढलं. पंचवीसेक माणसं मुंबईहून आली. कोणी रेनकोटात, कोणी प्लास्टिक पांघरून, आणि एकाच्याही पायात चिखलाचं पायताण नाही. वाऱ्यात कोणाचं कोणाला ऐकू येईना. मी निवृत्त झाले होते, तरी सवयीने फक्कीची पिशवी घेऊन गेले. मारलेली रेघ हातभर जायच्या आत पाण्याने धुऊन नेली.

तेव्हा जनाकाकी पुढे झाली. काठी टेकत खडकावरून फिरली, आणि पाणी लागत नव्हतं अशा प्रत्येक ठिकाणी एका मुंबईकराचा दंड धरून त्याला उभं केलं. "हितं ऱ्हा. हलू नको." अध्यक्षांना तिने ईशान्येच्या कोपऱ्यावर ठेवलं. ते चष्म्यावरून पाणी ओघळत असताना मुकाट उभे राहिले. माने साहेबांनी या माणसापासून त्या माणसापर्यंत टेप धरली, आणि मी प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून वहीवर माप लिहिलं.

माणसं जिथे उभी होती, तिथे आता भिंती आहेत.